निवडून ठेवलेली बाजरी

नऊ वर्षं मी पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला असलेल्या एका वस्तीवर वर्षातून तीनदा जात होते. पेरणीला एकदा, पहिली कणसं दिसून बाजरी निसवायला लागली की एकदा, आणि बियाण्याचा डबा आणायला एकदा. तारखा मी वर्षाच्या सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवायचे, पाऊस बघून चार-आठ दिवस मागेपुढे करायचे आणि फोन करून कळवायचे. एक खेप सोडली तर न कळवता मी कधी गेले नाही. कोणाच्या घरी अचानक जाणं मला आवडत नाही, आणि माझ्याकडे कोणी तसं आलेलं तर त्याहून आवडत नाही.

हे आता लिहायचं कारण एवढंच, की त्या कामाच्या अहवालात यातलं काही नाही. अहवालात एक वाक्य आहे: ‘बियाणे गोळा करण्याची पद्धत ठरल्याप्रमाणे न पाळली गेल्याने निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.’ ते वाक्य मीच टाइप केलं. ‘न पाळली गेल्याने’ हे शब्द आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, त्यांचे. मी आधी ‘पद्धत चुकीची लिहिली गेल्याने’ असं लिहिलं होतं.

काम असं होतं. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत जुलैत पेरलेली गावरान बाजरी ऑगस्टच्या शेवटी निसवते, म्हणजे पोंग्यातून कणीस बाहेर पडतं. नंतर दाणा भरायचा, आणि नेमका त्याच वेळी पाऊस ओढ देतो. पूर्वीही द्यायचा, पण अलीकडे जवळजवळ दरवर्षी. अशा वर्षी जी झाडं थोडी लवकर निसवतात त्यांचा दाणा भरतो, मागची पोकळ राहतात. भरलेल्या कणसांचं बी जास्त, म्हणून पुढच्या वर्षी शेतात त्यांचीच संतती जास्त. असं वर्षामागून वर्ष होत गेलं तर माणसाने काही न करता बाजरी आपण होऊन लवकर निसवणारी होईल का? आणि होणार असेल, तर पाऊस ज्या वेगाने बदलतोय त्या वेगाने होईल का? आम्हाला एवढंच बघायचं होतं.

माणसाने काही न करता, यावर सगळं उभं होतं. सर नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की बाजरीला शिकवायचं नाही, ती शिकते का ते बघायचं.

पहिल्या वर्षी वस्तीवरच्या घरांतून गावरान बी गोळा केलं. अर्धं पेरलं, अर्धं आमच्या संशोधन केंद्राच्या शीतगृहात ठेवलं. पुढे दरवर्षी आदल्या वर्षीच्या पिकाचंच बी पेरायचं, दुसरं कुठलं नाही. शेवटी शीतगृहातलं जुनं बी आणि शेतातून फिरून आलेलं नवं बी केंद्राच्या आवारात शेजारी शेजारी पेरायचं. जमीन तीच, पाणी तेच, पेरणीचा दिवस तोच. नवी बाजरी आधी निसवली, तर फरक बियाण्यातच आहे हे सिद्ध.

ती वस्ती निवडली कारण तीन बाजूंनी डोंगर होता आणि कंपनीची संकरित बाजरी लांब होती. बाजरीचे परागकण वाऱ्यावर जातात, जवळ दुसरी बाजरी असली की मिसळ होते. माझ्याकडे एक यादी होती, शेत कसं हवं त्याची, अकरा मुद्द्यांची. दहा मुद्दे जुळले. अकरावा होता, पेरणीपासून मळणीपर्यंत वर्षानुवर्षं घरी थांबणारं माणूस. पाथर्डीकडे तो अवघडच. दसरा झाला की निम्मी वस्ती ऊसतोडीला उतरते, ती पाडव्याला परत येते.

तो मुद्दा वस्तीवरच्या एका बाईंमुळे जुळला, मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांचा मुलगा आणि सून दरवर्षी कोल्हारकडे तोडीला जायचे. मावशींनी स्वतः वीस-पंचवीस हंगाम कोयता चालवलेला, मग कंबरेने साथ सोडली. तेव्हा त्यांचं वय पंचावन्नच्या आसपास असेल. त्यांना शेतातली एक पट्टी आमच्यासाठी राखायची होती, पीक सांभाळायचं होतं आणि मळणी झाल्यावर ठरलेला एक पत्र्याचा डबा बियाण्याने भरून ठेवायचा होता. डब्यात मावेल त्याहून जास्त निघालेलं धान्य त्यांचं.

त्या मला पहिल्या वर्षी म्याडम म्हणायच्या. दुसऱ्या वर्षापासून यादीवाल्या बाई. जीपमधून उतरून मी पायवाटेवर दिसले की अंगणातून सुनेला हाक जायची, “पानी ठेव गं, यादीवाल्या बाई आल्या.” मी पट्टीच्या कडेने चालत नोंदी घ्यायला लागले की त्या मागून यायच्या. एकदा त्यांना ठसका लागला, तर म्हणाल्या, “लिवा. मावशी दोनदा खोकली. सकाळी नऊ वाजता.” मी नऊ वाजून दहा मिनिटं म्हणाले. ते त्यांनी पुढे कित्येक दिवस वस्तीवर सगळ्यांना सांगितलं.

कामाच्या सूचना इंग्रजीत होत्या. त्यांचं मराठी मी केलं. सोपं केलं, सात मुद्द्यांत बसवलं, मोठ्या अक्षरात छापलं, प्लास्टिकचं आवरण घालून घेतलं आणि मावशींच्या दाराशेजारी कॅलेंडरखाली खिळ्याला अडकवलं. चौथा मुद्दा होता: सर्व ओळींतली सर्व कणसे कापणे. पाचवा होता: कणसे वाळवून, मळून, निवडून डब्यात भरणे. मावशी प्रौढांच्या साक्षरता वर्गाला गेलेल्या होत्या. अक्षरावर बोट ठेवत, थांबत थांबत त्यांनी सगळे सात मुद्दे वाचले. मी वहीत ‘सूचना समजावल्या’ यापुढे बरोबरची खूण केली आणि जीप पकडली.

मधली वर्षं मी इथे लिहीत नाही, ती सगळी तक्त्यांत आहेत. एक गोष्ट तक्त्यांत नाही ती सांगते. एका वर्षी पावसाने इतकी ओढ दिली की पट्टीतली बाजरी गुडघ्याएवढी राहिली. मावशींचं बाकीचं शेत तर वाळूनच गेलं. डबा निम्माही भरला नाही. मी तो केंद्रात आणला तेव्हा सर खुशीत होते. असं कडक वर्षच आपल्याला हवं होतं, म्हणाले, अशाच वर्षात चाळणी लागते. शास्त्र म्हणून ते बरोबर होतं. दुष्काळ पडला की आमच्याकडे उत्साह असायचा, आणि तो उत्साह वस्तीवर जाताना मी केंद्रातच ठेवून जायचे.

नवव्या वर्षी शेजारी शेजारी पेरणी केली. शीतगृहातलं पहिल्या वर्षाचं बी थोडंच होतं, उगवण कमी होईल म्हणून सगळंच पेरावं लागलं. ऑगस्टभर मी रोज सकाळी सात वाजता त्या ओळींमधून फिरत होते. ज्या दिवशी नव्या बियाण्याच्या ओळींत कणसं दिसली, त्या दिवशी जुन्यात एक नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. जुनी बाजरी निसवायला लागली तोवर नवीच्या सगळ्या ओळी निसवून झाल्या होत्या.

सर बांधावर उभे राहिले. मग म्हणाले, “शिकली.”

त्या संध्याकाळी केंद्रात सगळ्यांसाठी भेळ आली. मी कागदी द्रोण मोजून आणले होते आणि तरी दोन कमी पडले. मी पंधरा-सोळा वर्षं वेगवेगळ्या प्रकल्पांत काम केलेलं, त्यातल्या एकाचंही उत्तर इतकं सरळ आलेलं नव्हतं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की बाजरी स्वतःला वाचवू शकते. तो म्हणाला, मग आता भाकरी स्वस्त होणार का? मी त्याला हसले, पण झोपेपर्यंत तेच डोक्यात होतं. पाऊस बदलतोय, आणि तरी एक तरी गोष्ट त्याच्या बरोबरीने बदलतेय.

प्रकल्पाला पुढची पाच वर्षं मिळायची की नाही ते हिवाळ्यात ठरणार होतं. अहवालासाठी कापणीचा फोटो हवा होता, उभ्या कणसांचा. कापणीला मी कधीच गेलेले नव्हते, माझी तिसरी खेप नेहमी डबा भरल्यानंतरची. मावशींना दोन दिवस फोन लावला, लागला नाही. मग न कळवताच निघाले. सकाळची पाथर्डी गाडी, पुढे जीप. बसच्या पाटीवर अहिल्यानगर आलंय, कंडक्टर अजून नगरच म्हणतो.

मावशी घरात नव्हत्या. मी सरळ पट्टीकडे गेले. कापणी उद्या-परवावर आलेली, कणसं पिवळी-करडी. आणि त्यांतल्या कितीतरी कणसांच्या देठांना लुगड्याच्या काठाच्या चिंध्या बांधलेल्या. लाल, हिरव्या, विरलेल्या जांभळ्या. मला वाटलं पाखरांसाठी असतील. मग दिसलं की पाखरांसाठी असत्या तर बांधाकडेने असत्या. या शेतभर होत्या, एका झाडाला आहे, शेजारच्या दोघांना नाही.

मावशी विळा घेऊन मागून आल्या. न कळवता आल्याबद्दल आधी त्यांनी माझी हजेरी घेतली, यादी चुकली का काय म्हणून. मी विचारलं, चिंध्या कशाच्या?

“खुना हायेत त्या,” मावशी म्हणाल्या. “आदी निसवली त्यांला बांदल्यात. कापल्यावर समदी सारकीच दिसत्यात. मग कसं वळकायचं, कोनती आदीची, कोनती मागची?”

“ओळखायची कशाला?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण चहा कशात पितात असं विचारणाऱ्याकडे बघू.

“निवडायला.”

मग त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. त्यांना ते सांगताना आनंद होत होता. निसवायला लागली आणि माझी त्या वेळची खेप होऊन गेली, की त्या रोज सकाळी फेरी मारायच्या, पहिल्या चार-पाच दिवसांत बाहेर पडलेल्या कणसांना चिंधी. कापणी सगळ्यांची, मी लिहिलं होतं तशीच. पण चिंधीची कणसं वेगळ्या पोत्यावर. त्यांतून पुन्हा भरल्या दाण्याची, टोकापर्यंत गच्च, तेवढीच घ्यायची. ती काठीने बडवायची नाहीत, हाताने चोळायची. तेवढ्याने डबा भरायचा. बाकीची खायला.

मी विचारलं, हे कधीपासून?

“पैल्या वर्सापास्नं,” त्या म्हणाल्या. “तुमीच लिवलंय की.”

त्या मला घरी घेऊन आल्या. कॅलेंडर आठ वेळा बदललं होतं, खालचा कागद तोच, आवरणाच्या आत धूर शिरून पिवळा झालेला. त्यांनी पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, “म-ळू-न, नि-व-डू-न.”

मूळ सूचनेत होतं, मळून साफ करा. आमच्या घरी धान्य साफ करण्याला निवडणं म्हणतात. गहू निवडायचे, डाळ निवडायची, मेथी निवडायची. खडे, काड्या, किडकं बाहेर. मी भाषांतर करताना माझ्या स्वयंपाकघरातला शब्द उचलला आणि तिथे बसवला. सरांच्या टेबलावर त्याच महिन्यात जो प्रस्ताव होता त्यात पानापानावर ‘नैसर्गिक निवड’ असा शब्द होता, तोही मीच टाइप केलेला. दोन्ही एकच शब्द आहेत हे मला नऊ वर्षांत एकदाही दिसलं नाही.

“म्या इचारलं हुतं तुमाला त्या टायमाला,” मावशी म्हणाल्या. “निवडून म्हंजी चांगलं चांगलंच ना? तुमी म्हनला, हां, नीट निवडा, घाई करू नका.”

मला ते आठवत नाही. वहीत त्याची नोंद नाही. पण ‘नीट, घाई करू नका’ हे मी म्हणते, सगळ्यांना म्हणते. मी म्हटलं असणार.

सुनेने चहा दिला, तो प्याले. त्या कागदाचा एक आणि ज्यासाठी गेले होते ते शेतातले फोटो काढले. शेतातल्या फोटोंत चिंध्या स्पष्ट दिसतात. मावशींना त्या दिवशी मी काही सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत वही काढली आणि काय काय वाचवता येईल त्याची यादी करायला घेतली. दरवर्षी डब्यातून एक पाकीट शीतगृहात ठेवलं होतं, पण डब्यातूनच, म्हणजे निवड झाल्यानंतरचं. निसवण्याच्या तारखा खऱ्या होत्या, पण निवडलेल्या बाजरीच्या. दुसरी वस्ती नव्हती; पैसे पुरत नाहीत म्हणून दुसऱ्या वर्षीच ती वगळली होती. करंजी घाट उतरेपर्यंत पानावरचं सगळं खोडून झालं होतं.

बाजरी लवकर निसवणारी झाली होती, यात शंका नव्हती. पण ती पावसाने केली की मावशींनी, हे कोणालाही कधीही सांगता येणार नव्हतं. पावसाने काहीच केलं नसेल आणि सगळं मावशींचंच असेल, असंही असू शकत होतं. आम्ही ज्या प्रश्नासाठी नऊ वर्षं दिली त्याला उत्तर नव्हतं. होय नव्हतं, नाहीही नव्हतं.

हे कोणाला माहीत नव्हतं, हेही मला त्या गाडीत कळत होतं. माहीत होतं ते फक्त मावशींना आणि मला. फोटो चिंध्या सोडून काढता आले असते. मी सरांना सांगितलं ते काही मोठ्या प्रामाणिकपणाने नाही. चुकीची नोंद फाइलमध्ये असली की मला दुसरं काम सुचत नाही, माझा स्वभाव आहे तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या खोलीत गेले, फोनवरचा कागदाचा फोटो त्यांच्यासमोर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी पाचवा मुद्दा तीन-चारदा वाचला.

“पण लवकर निसवली ना?”

“निसवली.”

“मग कोणामुळे?”

“ते सांगता येत नाही.”

“वेगळं काढता येईल?”

मी म्हणाले, निवड न झालेलं एकही बी आपल्याकडे नाही. पहिल्या वर्षाचं होतं ते आपण पेरलं, आणि आवारात सगळं एकमेकांत मिसळलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. ते म्हणाले, “सांगायला नको होतं असं मी म्हणणार नाही. पण एक दिवस उशिरा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आज मुलीला फोन करून सांगणार होतो.”

त्यानंतर ते माझ्यावर चिडले नाहीत, कधीच नाही. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी अहवालातून निष्कर्षाची पाच पानं काढली आणि ते एक वाक्य घातलं. प्रकल्पाला पुढची वर्षं मिळाली नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं तर बी कुठून आणायचं, शेत कुठलं आणि पुढची नऊ वर्षं कोण थांबणार, यावर एक बैठक झाली. चहा झाला आणि ती संपली.

मावशींना सांगायला मी दिवाळीनंतर गेले. मुलगा-सून तोडीला गेले होते, वस्ती रिकामी होती, बऱ्याच दारांना कुलपं. मावशी अंगणात एकट्या होत्या. डबा भरून तयार होता, झाकणावर स्वच्छ फडकं बांधलेलं. मी सांगितलं की काम बंद झालं. का बंद झालं तेही सांगितलं, चूक शब्दाची होती आणि शब्द माझा होता, हे दोनदा सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजी तुमाला वाईट बी बी पायजे हुतं?”

मी म्हणाले, वाईट असं नाही, सगळंच. जसं येईल तसं.

“मागची, पोकळ, काळी पडल्याली, समदी येकात वतायची आन त्यातलंच पेरायचं?”

“हो.”

“आन तुमी तसं लिवलं असतं तर म्या केलं असतं, असं वाटतं तुमाला?”

त्या रागावलेल्या नव्हत्या. एखादी गोष्ट समजावून सांगावी तशा सांगत होत्या.

“तोंडावर हो म्हनले असते,” मावशी म्हणाल्या. “मागनं निवडलंच असतं. बी हाय ते.”

तोवर माझा एक आधार होता. एका शब्दाने घात झाला, तो शब्द दुरुस्त केला की काम पुन्हा उभं राहू शकतं, कधीतरी, कोणाच्या तरी हातून. तोही त्या अंगणात गेला. ज्याला बियाण्याची काळजी आहे तो निवडणार, आणि ज्याला नाही तो बी ठेवणारच नाही, दुकानातून आणणार. ज्या शेतात माणसाचा हात नाही असं शेत आम्ही कागदावर धरून चाललो होतो. ते पाथर्डीत नव्हतं, आणि दुसरीकडे असेल असं मला आता वाटत नाही.

डबा मी नेला नाही. बी उत्तम आहे, तुम्हीच पेरा, असं म्हणाले, आणि ते मी मनापासून म्हणाले. लवकर येणारी, भरल्या कणसाची बाजरी. आमच्या कामाची नसली तरी त्यांच्या कामाची होती. निदान कोणाला तरी काही मिळालं, असं मी स्वतःला सांगत आले.

पुढच्या वर्षी त्यांनी पट्टीतच नव्हे, सगळ्या शेतात तीच पेरली. हे मला फोनवर कळलं. जुलैत पाऊस वेळेवर झाला, उगवण चांगली झाली, बाजरी कमरेला लागली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मावशींचा फोन आला आणि त्या नुसत्याच म्हणाल्या की बघून जा. माझी कुठली खेप आता ठरलेली नव्हती. रजा टाकून गेले.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली नाही. उलट, बाजरी निसवली नेमकी त्याच आठवड्यात रात्रंदिवस झड लागली. बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस लागला की पराग धुऊन जातो, दाणा धरतच नाही. मी शेतात शिरले. झाडं उंच, हिरवी, कणसं लांब, देखणी. बोटांनी चोळली तर हातात नुसता भुसा. एक ओळ बघितली, दुसरी बघितली, पार शेवटच्या बांधापर्यंत गेले. सवयीने मोजत होते. मग मोजणं थांबवलं, कारण आकडा बदलत नव्हता.

मावशी बांधावर बसल्या होत्या. नऊ वर्षांत त्यांचा चेहरा बराच बारीक झाला होता, ते मला त्या दिवशी दिसलं.

“आदी मागंम्होरं निसवायची,” त्या म्हणाल्या. “आठ दिस, धा दिसाचा फरक असायचा. ही गेली तर ती ऱ्हायची. काय ना काय हाताला लागायचं. ह्या टायमाला समदी येकदम बाह्येर. पंगतीला बसल्यावानी. आन तवाच पाऊस.”

मी म्हणाले, असा पाऊस त्या आठवड्यात कधी झालेला नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं.

“मागची म्याच काढली ना येक येक करून,” मावशी म्हणाल्या. “खाऊन टाकली.”

सरांनी नऊ वर्षं तक्त्यांत जे शोधलं ते एवढंच होतं, आणि ते मावशींनी मला शेताच्या बांधावर सांगितलं. बाजरी बदलली होती. ज्या पावसासाठी बदलली तो पाऊस त्या वर्षी नव्हता, आणि दुसऱ्या कुठल्या पावसासाठी तिच्यात काही शिल्लक नव्हतं. मी विचारलं, वस्तीवर दुसऱ्या कोणाकडे जुनी, उशिरा येणारी असेल का? त्या म्हणाल्या, आता समद्यांकडं कंपनीचीच हाय. सून बी म्हनती, पुढल्या साली तीच आनू.

मी ‘बरं’ म्हणाले.

“सरमाड तरी हुईल गुरांला,” त्या म्हणाल्या आणि विळा घेऊन उठल्या. कंबरेवर हात ठेवून, दोन टप्प्यांत. मी दुसरा विळा मागितला, तर म्हणाल्या की तुमाला न्हाई जमायचं, तुमी पेंड्या बांदा. त्या कापत पुढे गेल्या, मी मागून बांधत गेले. पहिल्या दोन पेंढ्या उचलताच सुटल्या. तिसरी त्यांनी माझ्या हातातून घेऊन पुन्हा आवळली. पाऊस बारीक पडतच होता. दोन वाजेपर्यंत चार ओळी झाल्या. त्या म्हणाल्या, आता जावा, जीप निघंल. रस्त्यापर्यंत त्या आल्या नाहीत, त्यांना अजून पुष्कळ कापायचं होतं.